शरीरात घडत जाणारी झडप

ऊती-अभियांत्रिकीने तयार केलेली हृदयाची झडप शस्त्रक्रियेच्या दिवशी जशी असते तशी वर्षभराने राहत नाही, आणि ती तशी राहू नये हाच तिच्यामागचा हेतू असतो. प्रयोगशाळेतून येतो तो झडपेच्या आकाराचा एक आधार. कधी ती विरघळणाऱ्या बहुवारिकाच्या धाग्यांची जाळी असते, कधी पेशी धुऊन काढलेली ऊती. रोपणानंतर त्यात रुग्णाच्या पेशी शिरतात, जुना माल मोडून काढतात, नवे तंतू घालतात. काही महिन्यांनी त्या जागी उघडझाप करत असते ती झडप बऱ्याच अंशी रुग्णाच्या शरीराने स्वतः घडवलेली असते. या घडामोडीला पुनर्रचना म्हणतात. ती नीट झाली तर लहान मुलाबरोबर वाढणारी झडप हाती येते. बिघडली तर पाकळ्या आक्रसतात आणि रक्त उलटे गळू लागते. गेल्या तीस वर्षांत या क्षेत्राला मिळालेले यश आणि पदरी आलेले अपयश यांचे मूळ बहुतेक वेळा या एकाच प्रक्रियेत सापडते.

ही पुनर्रचना कोणत्या दिशेने व्हायला हवी हे कळण्यासाठी निसर्गाने केलेली झडप पाहावी लागते. हृदयात चार झडपा असतात. मिनिटाला ७० ठोके धरले तर प्रत्येक झडप दिवसाला सुमारे १ लाख वेळा आणि वर्षाला साडेतीन कोटींहून अधिक वेळा उघडते नि मिटते. महाधमनीच्या तोंडाशी असलेल्या झडपेला तीन पाकळ्या असतात. प्रत्येक पाकळी १ मिलिमीटरपेक्षाही पातळ असते, तरी तेवढ्या जाडीत तीन वेगवेगळे थर बसवलेले असतात. महाधमनीच्या बाजूला कोलॅजेनचे भक्कम तंतू असतात. ते पाकळीत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे जातात आणि मिटलेल्या झडपेवरचा ताण भिंतीकडे पोचवतात. हृदयाच्या बाजूला इलॅस्टिन असते, ताणलेली पाकळी त्यामुळे पूर्ववत होते. मधला थर पाणी धरून ठेवणाऱ्या मऊ पदार्थांचा असतो आणि त्यामुळे बाकीचे दोन थर एकमेकांवर सरकू शकतात. आतल्या पेशी हे सगळे तंतू सतत थोडेथोडे बदलत असतात. गर्भात या पेशी अतिशय सक्रिय असतात, स्नायूंसारख्या आकुंचन पावणाऱ्या प्रथिनांनी भरलेल्या असतात. जन्मानंतर हळूहळू त्या शांत होतात. निरोगी प्रौढ झडपेतल्या पेशी बहुतांशी शांतच असतात. ही शांत अवस्था लक्षात ठेवायला हवी, कारण रोपण केलेल्या झडपेतल्या पेशी तिथपर्यंत पोचतात की नाही यावर पुढचे सगळे ठरते.

आज वापरात असलेल्या कृत्रिम झडपांना पुनर्रचना ठाऊक नाही. धातू आणि कार्बनच्या यांत्रिक झडपा टिकाऊ असतात. १९६० मधल्या स्टार आणि एडवर्ड्स यांच्या झडपेपासून त्यांनी असंख्य जीव वाचवले आहेत. भारतात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या पुढाकाराने घडलेली चित्रा झडप डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली आणि परदेशी झडप न परवडणाऱ्यांना तिचा मोठा आधार झाला. पण यांत्रिक झडपेवर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारे औषध जन्मभर घ्यावे लागते आणि त्याची मात्रा ठरवायला रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहणारी आयएनआर चाचणी पुन्हा पुन्हा करावी लागते. रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनसारखी औषधे गर्भाला अपायकारक असतात. आपल्याकडे लहानपणी घशाच्या संसर्गानंतर येणाऱ्या र्‍हुमॅटिक तापाने झडपा खराब झालेल्या तरुण स्त्रिया कमी नाहीत, त्यांच्यासाठी ही अडचण फार मोठी आहे. डुकराच्या झडपेपासून किंवा गाईगुरांच्या हृदयावरणापासून केलेल्या जैविक झडपांना सहसा हे औषध जन्मभर लागत नाही. मात्र ती ऊती ग्लुटराल्डिहाइडमध्ये मुरवून मृत केलेली असते. तिच्यात कॅल्शियम साचत जातो. प्रौढांत ती साधारण १० ते १५ वर्षे चालते, मुलांत त्याहून बरीच लवकर निकामी होते. शिवाय मूल वाढते आणि झडप वाढत नाही. जन्मतः हृदयात दोष असलेल्या मुलाला मोठे होईपर्यंत दोन-तीनदा छाती उघडून घ्यावी लागते, ती यामुळे.

जिवंत झडप नव्या जागी स्वतःला बदलून घेते याचा पुरावा ऊती-अभियांत्रिकीच्या आधीच मिळाला होता. लंडनचे शल्यविशारद डोनाल्ड रॉस यांनी १९६७ मध्ये रुग्णाचीच फुप्फुस धमनीची झडप काढून महाधमनीच्या जागी बसवली. फुप्फुस धमनीची झडप मिटलेली असताना तिच्यावर थोडाच दाब असतो, महाधमनीत तो कितीतरी पट जास्त. अशा काही झडपा पुढे कारणपरत्वे बाहेर काढून तपासल्या गेल्या तेव्हा त्यांतल्या पेशी जिवंत दिसल्या. स्थलांतरानंतर त्या आधी उत्तेजित होतात आणि काही वर्षांनी पुन्हा शांतावतात, असा क्रम दिसला. वाढलेल्या ओझ्याची दखल घेऊन पाकळीने स्वतःची घडण जुळवून घेतली होती.

१९९३ मध्ये रॉबर्ट लँगर आणि जोसेफ वकँटी यांनी ‘सायन्स’मधल्या लेखात ऊती-अभियांत्रिकीची चौकट मांडली: विरघळणारा आधार, त्यावर रुग्णाच्या पेशी, आणि आधार नाहीसा झाल्यावर उरणारी नवी ऊती. दोनच वर्षांनी, १९९५ मध्ये, तोशिहारू शिनोका आणि सहकाऱ्यांनी या पद्धतीने केलेली एकच पाकळी कोकरांच्या फुप्फुस धमनीच्या झडपेत बसवून दाखवली. २००० मध्ये सायमन होरस्ट्रुप यांच्या गटाने पूर्ण तीन पाकळ्यांची झडप केली. पॉलिग्लायकोलिक आम्लाच्या जाळीवर पेशी रुजवून त्यांनी ती अशा उपकरणात ठेवली ज्यात द्रव नाडीच्या लयीत वाहत असे. दाब आणि प्रवाह हळूहळू वाढवत नेला. कोकरांच्या शरीरात २० आठवड्यांनी त्या झडपेत थरांची रचना दिसू लागली होती.

तेव्हाचा समज सरळ होता. बाहेर रुजवलेल्या पेशी आत जाऊन टिकतात, वाढतात आणि ऊती विणतात. तो पुढे बदलावा लागला. क्रिस्टोफर ब्रॉयर आणि शिनोका यांच्या गटाने २०१० मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवले की अशाच रीतीने केलेल्या रक्तवाहिनीत रुजवलेल्या मानवी पेशी काही दिवसांतच नाहीशा होतात. त्या जाता जाता एक रासायनिक हाक देतात, त्या हाकेने यजमानाच्या रक्तातल्या मोनोसाइट पेशी गोळा होतात आणि खरी रक्तवाहिनी त्या दाहाच्या वाटेने घडते. या निष्कर्षाने संशोधनाचा रोखच वळला. आधी रुग्णाच्या पेशी घ्या, आठवडेच्या आठवडे वाढवा, मग झडप तयार करा, हा खर्चीक आणि वेळखाऊ मार्ग टाळता येईल असे दिसू लागले. पेशी नसलेला आधार कपाटात तयार ठेवायचा, लागेल तेव्हा बसवायचा आणि बाकीचे काम शरीरावर सोपवायचे. आज या क्षेत्रातले बरेचसे प्रयत्न याच वाटेने चालले आहेत.

शरीर ते काम कसे करते ते टप्प्याटप्प्याने पाहता येते. रक्ताचा प्रवाह सुरू होताच काही क्षणांत आधाराच्या पृष्ठभागावर रक्तातली प्रथिने चिकटतात. त्यांत फायब्रिनोजेन आणि फायब्रोनेक्टिन असतात, आणि पुढे येणाऱ्या पेशींना पकड मिळते ती त्यांच्यावर. पहिल्या काही तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी पोचतात. पाठोपाठ मोनोसाइट येतात आणि ऊतीत शिरून मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी, बनतात. या भक्षक पेशींचा रोख कोणता यावर सगळे अवलंबून असते. सुरुवातीला त्या आक्रमक असतात. आधार कुरतडतात आणि दाह वाढवणारी रसायने सोडतात. पुढे त्यांतल्या बऱ्याच दुरुस्तीकडे वळल्या की ऊती बांधणाऱ्या पेशींना बोलावणे जाते. आक्रमक अवस्था लांबली तर अनेक भक्षक पेशी एकत्र येऊन महापेशी बनतात, आणि आधाराभोवती व्रणाचे जाड वेष्टण तयार होते.

दुरुस्तीच्या टप्प्यात येणाऱ्या पेशींना मायोफायब्रोब्लास्ट म्हणतात. त्या कोलॅजेन बनवतात आणि त्याच वेळी तो स्वतःकडे खेचतात. जखम भरताना तिच्या कडा जवळ येतात ते याच पेशींमुळे. दरम्यान रक्ताला लागून असलेल्या पृष्ठभागावर अंतःस्तराच्या पेशींचा एकेरी थर पसरायला हवा, कारण गुठळी होऊ न देण्याचे काम तो थर करतो. या पेशी शेजारच्या रक्तवाहिनीकडून सरकत येतात, काही रक्तातूनही येऊन चिकटतात.

तंतू कोणत्या दिशेने मांडायचे हे पेशींना ओझ्यातून कळते, आणि ही या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट आहे. ताणलेला कोलॅजेनचा तंतू त्याला तोडणाऱ्या विकरांना सहजी दाद देत नाही, सैल पडलेला तंतू मात्र लवकर कापला जातो. पेशी सर्व दिशांनी तंतू घालत असतात, पण ज्या दिशेला ताण आहे त्या दिशेचे तंतू टिकतात आणि बाकीचे झडून जातात. ठोक्यामागून ठोका हीच निवड चालते. पेशीही ताणाकडे पाहून स्वतःची दिशा बदलतात. त्यामुळे सुरुवातीला अस्ताव्यस्त असलेल्या पाकळीत काही महिन्यांनी कडेपासून कडेपर्यंत जाणारे पट्टे उमटू लागतात. झडपेचा आकार आखणाऱ्याच्या हाती याचसाठी मोठी ताकद असते. त्याने ठरवलेल्या वक्राकाराप्रमाणे ताण पडतो आणि ताणाप्रमाणे ऊती घडते.

पण हे सारे वेळेत जमले पाहिजे. स्लॅब पक्का होण्याआधी सेंटरिंग काढली तर तो कोसळतो. आधार आणि ऊती यांचेही असेच आहे. पॉलिग्लायकोलिक आम्लाची बळकटी साधारण महिनाभरात ओसरते, पॉलि-४-हायड्रॉक्सिब्युटिरेट त्याहून बराच काळ टिकते, म्हणून दोन्ही मिळून वापरली जातात. काही नवी बहुवारिके नुसत्या पाण्याने फारशी विरघळत नाहीत, भक्षक पेशींनी सोडलेल्या ऑक्सिडीकरण करणाऱ्या रसायनांनी तुटतात. त्यात एक तर्क आहे: पेशी जिथे पोचल्या तिथलाच आधार मोडेल. मात्र एखाद्या पाकळीच्या मुळाशी पेशी भरपूर असतात आणि टोकाशी तुरळक, मग एकच पाकळी एकीकडे ऊती आणि दुसरीकडे बहुवारिक अशी विषम होते. मेंढ्यांवरच्या प्रयोगांत हा विषमपणा वारंवार आढळला आहे.

पाकळ्या आखडणे हा या झडपांचा सर्वांत चिवट दोष ठरला आहे. मायोफायब्रोब्लास्ट काम संपल्यावर शांत झाले नाहीत तर ते खेचतच राहतात. पाकळीची मुक्त कड मिलिमीटर-मिलिमीटरने मागे सरकते. तीन पाकळ्या मध्यभागी एकमेकींना टेकायच्या, तिथे फट पडते. काही वेळा पाकळीचे मूळ भिंतीला चिकटून तिची लांबीच कमी होते. मेंढ्यांत २४ आठवड्यांच्या आसपास काढून पाहिलेल्या झडपा कॅल्शियमविना, गुठळीविना, पेशींनी भरलेल्या अशा दिसत, आणि तरीही गळत. ऊती म्हणून त्या यशस्वी होत्या, झडप म्हणून नापास. याच प्रश्नावर झ्युरिकचा होरस्ट्रुप यांचा गट आणि नेदरलँड्समधल्या आइंडहोवेनचे गणिती प्रतिमाने करणारे संशोधक एकत्र आले. मिटलेल्या पाकळीवर केंद्राच्या दिशेने पुरेसा ताण असेल तर पेशींच्या खेचण्याला तोड मिळते, असे त्यांच्या गणिताने सुचवले. त्यांनी ऊती वाढवतानाच पाकळीला फुगीर, पोट असलेला आकार देणारा साचा आत बसवला. २०१८ मध्ये त्यांनी जाहीर केलेल्या अभ्यासात ११ पैकी ९ मेंढ्यांत या झडपा वर्षभर नीट चालल्या. आधी गणिताने भाकीत आणि मग प्राण्यात पडताळा, या क्रमाने झडप आखण्याची ही रीत आता मूळ धरते आहे.

घाई कशी नडते याचे उदाहरण २००१ मध्ये व्हिएन्नामध्ये घडले. डुकराच्या झडपेतून पेशी काढून टाकून तयार केलेल्या झडपा चार लहान मुलांना बसवण्यात आल्या. मानवी पेशी त्यात वस्ती करतील अशी अपेक्षा होती. तीन मुले दगावली, पहिले आठवडाभरात आणि शेवटचे वर्षभराने. चौथ्या मुलाची झडप खबरदारी म्हणून काढून घेतली गेली. तपासणीत तीव्र दाह दिसला, आणि रुग्णाच्या पेशींनी त्या ऊतीत प्रवेशच केलेला नव्हता. मेंढ्यांमध्ये जे छान जमले होते ते माणसात जमले नाही. २००३ मध्ये हा अहवाल प्रसिद्ध झाला आणि सगळे क्षेत्र हादरले. त्या मुलांच्या मृत्यूची किंमत मोजून एक गोष्ट कळली: पेशी धुऊन काढल्या असे म्हणणे पुरेसे नाही, त्या किती निघाल्या हे मोजून दाखवावे लागते, आणि परक्या प्राण्याची ऊती माणसात दाहाचा भडका उडवू शकते.

त्याच सुमारास जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या अ‍ॅक्सेल हावेरिख आणि सेरगेई चेबोतारी यांच्या गटाने दुसरी वाट धरली. त्यांनी मानवी दात्यांच्या झडपा घेतल्या, पेशी धुऊन काढल्या आणि रुग्णाच्या रक्तातून मिळवलेल्या पेशी रुजवून २००२ मध्ये मोल्दोव्हातल्या दोन मुलांना बसवल्या. साडेतीन वर्षांच्या पाठपुराव्यात त्या झडपांचा व्यास मुलांबरोबर वाढलेला दिसला. पुढे याच गटाने पेशी न रुजवता नुसत्या धुतलेल्या मानवी झडपा वापरायला सुरुवात केली आणि युरोपातल्या अनेक रुग्णालयांत त्यांचा अभ्यास झाला. माणसांत सर्वाधिक अनुभव आज या झडपांचाच आहे, तोही मुख्यतः फुप्फुस धमनीच्या जागी.

व्यास वाढला म्हणजे झडप वाढली असे मात्र लगेच म्हणता येत नाही. कमकुवत झालेली भिंत नुसती ताणली जाऊन फुगू शकते, आणि तो आजार असतो. खऱ्या वाढीत भिंतीची जाडी टिकते आणि कोलॅजेनचा एकूण साठा वाढतो. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात रॉबर्ट ट्रॅन्क्विलो यांच्या गटाने हा फरक काळजीपूर्वक तपासला. मेंढीच्या त्वचेतल्या फायब्रोब्लास्ट पेशी फायब्रिनच्या जेलमध्ये वाढवून ते नळ्या करतात. पेशी फायब्रिनच्या जागी कोलॅजेन घालतात, मग सगळ्या पेशी धुऊन काढल्या जातात. अशी साधी नळी फुप्फुस धमनीच्या जागी बसवली तेव्हा वाढत्या कोकरांत तिचा व्यास ५६ टक्क्यांनी वाढला आणि कोलॅजेन अनेक पटींनी. २०१६ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. नंतर त्यांनी तीन नळ्या विरघळणाऱ्या दोऱ्याने एकत्र शिवून झडप केली. २०२१ मधल्या अहवालानुसार १९ मिलिमीटरची ही झडप कोकरांत ५२ आठवड्यांत सुमारे २५ मिलिमीटरपर्यंत गेली. विरघळणारा दोरा इथे महत्त्वाचा आहे. तो कायमचा असता तर त्यानेच वाढ रोखून धरली असती.

मेंढ्या या संशोधनात सर्वत्र का, याचेही उत्तर पाहायला हवे. कोवळ्या मेंढीत कॅल्शियम झपाट्याने साचतो, म्हणून त्या बाबतीत ती कडक परीक्षक आहे. पण तिच्या रक्तवाहिन्यांतून अंतःस्तराच्या पेशी लांबवर आणि भराभर सरकतात. माणसात त्या जोडाच्या जागेपासून एक-दोन सेंटिमीटरच्या पुढे क्वचितच जातात. इलॅस्टिनबाबतही असेच आहे. माणसाचे शरीर ते मुख्यतः गर्भावस्थेत आणि बालपणी तयार करते आणि पुढे तेच आयुष्यभर वापरते. त्यामुळे प्रौढ रुग्णाच्या नव्या पाकळीत कोलॅजेन भरपूर येईल, पण इलॅस्टिनचा थर नैसर्गिक झडपेसारखा येईल का, हा प्रश्न मेंढीवरून सुटत नाही.

माणसातला पुढचा मोठा प्रयत्न पूर्णपणे कृत्रिम, विरघळणाऱ्या झडपेचा होता. झेल्टिस या युरोपीय कंपनीची अशी झडप असलेली नळी २०१६ पासून बुडापेस्ट, क्राकोव आणि क्वालालंपूर इथल्या १२ मुलांना फुप्फुस धमनीच्या जागी बसवण्यात आली. नळीचे काम समाधानकारक राहिले. पाकळ्यांनी मात्र दगा दिला. काही मुलांत पाकळी जागेवरून खाली घसरली आणि गळती वाढली, म्हणून रचना बदलून दुसरी चाचणी हाती घ्यावी लागली. नळीला फक्त दाब सोसायचा असतो. पाकळीला प्रत्येक ठोक्याला वाकायचे, ताणायचे आणि सांधायचे असते, तेही ती अर्धी बहुवारिक आणि अर्धी ऊती असतानाच्या नाजूक महिन्यांत.

या महिन्यांत डॉक्टरांनी किती हस्तक्षेप करावा, हेही आता नव्याने तपासले जात आहे. विरघळणाऱ्या आधारावर केलेल्या रक्तवाहिन्या अरुंद होतात असे आढळल्यावर फुग्याने त्या रुंद करण्याची पद्धत होती. ब्रॉयर यांच्या गटाने २०२० मध्ये गणिती प्रतिमान आणि मेंढ्यांवरचा प्रयोग यांच्या आधारे दाखवले की सहा आठवड्यांनी दिसणारे अरुंदपण सहा महिन्यांपर्यंत बरेचसे आपोआप निवळते. दाह ओसरला की ऊती मोकळी होते. रक्तवाहिनीवरचा हा निष्कर्ष झडपेला जसाच्या तसा लागू करता येणार नाही, पण सोनोग्राफीत दिसणारा प्रत्येक बदल हा बिघाडच असेल असे गृहीत धरता येत नाही, एवढे त्याने पटवून दिले.

महाधमनीच्या जास्त दाबाच्या जागी वर्षानुवर्षे चाललेली, पूर्णपणे विरघळणाऱ्या आधारावर माणसात घडलेली झडप अजून नेहमीच्या उपचारात आलेली नाही. फुप्फुस धमनीच्या बाजूला दाब कमी असल्याने तिथे ती आधी येईल, हे जवळपास निश्चित आहे. तोवर मुलांच्या शरीरात पुनर्रचना होऊ शकेल अशी हाताशी असलेली झडप म्हणजे पेशी धुऊन काढलेली मानवी झडपच, आणि ती दात्याशिवाय मिळत नाही. जे हृदय प्रत्यारोपणाला योग्य नसते त्यातल्या झडपाही बऱ्याचदा उपयोगी पडतात. भारतात अवयव आणि ऊती दानाच्या अर्जात हृदयाच्या झडपांचा स्वतंत्र पर्याय असतो. अर्ज भरणाऱ्यांनी तो पर्याय पाहावा आणि आपली इच्छा घरच्यांना सांगून ठेवावी, कारण शेवटी संमती त्यांनाच विचारली जाते.